रक्तदाब जास्त, तरी उठताना घेरी का येते?

वाचकाचे पत्र: मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला विज्ञान शिक्षक आहे. वय ६९ वर्षे. रक्तदाबासाठी काही वर्षांपासून ॲम्लोडिपिनची गोळी घेतो. दिवाळीनंतर डॉक्टरांनी ती ५ ऐवजी १० मिलिग्रॅमची केली. त्याच सुमारास प्रोस्टेटसाठी रात्री टॅम्सुलोसिन सुरू झाली. हल्ली पहाटे अंथरुणातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि संध्याकाळी घोटे सुजून चपलेचा पट्टा रुततो. दवाखान्यात रक्तदाब १३६/८० भरला, घरच्या यंत्रावर मात्र १४८/९२ दिसतो. पाइपचे तोंड अंगठ्याने दाबले की पाणी जोरात उडते, तसे दाब वाढला की रक्त जोरात वाहते, असे मी मुलांना सांगत आलो. मग दाब जास्त असताना मेंदूला रक्त कमी कसे पडते? सूज ही वाढलेल्या दाबाचीच खूण आहे का? शेजारचे गृहस्थ म्हणतात, गोळी काही दिवस बंद करून पाहा. बंद करू का?
– एक वाचक, कराड तालुका

आदरणीय गुरुजी, सादर नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका आणि डोसही कमी करू नका. मात्र घेरी आणि सूज या दोन्ही गोष्टी याच आठवड्यात आपल्या डॉक्टरांच्या कानावर घाला. आपण दिलेल्या माहितीवरून दोन्ही तक्रारींचा संबंध औषधांशी असण्याची दाट शक्यता दिसते, आणि तो संबंध कसा जुळतो हे आपण शिकवलेल्या विज्ञानातूनच समजून घेता येते. आपले पत्र वाचताना मला बरे वाटले ते यासाठी की, ‘दाब जास्त असताना रक्त कमी कसे पडते’ हा प्रश्न फार थोडे रुग्ण विचारतात, आणि खरे तर रक्तदाबाचे सगळे मर्म त्याच प्रश्नात आहे.

पाइपच्या उदाहरणापासूनच सुरुवात करू. तोंडावर अंगठा दाबला की पाण्याची धार लांब जाते हे खरे. पण तीच धार बादलीत सोडून बादली भरायला किती वेळ लागतो ते पाहिले, तर अंगठा काढल्यावर ती लवकर भरते असे दिसेल. म्हणजे धारेचा वेग वाढला तरी मिनिटाला मिळणारे पाणी घटलेले असते. त्याच वेळी अंगठ्याच्या मागे, नळाच्या बाजूला, पाइप फुगून कडक झालेला असतो, कारण तिथला दाब वाढलेला असतो. वेग, प्रवाह आणि दाब या तीन वेगवेगळ्या राशी आहेत, आणि दंडाला पट्टा बांधून आपण मोजतो तो यांपैकी केवळ दाब, तोही अंगठ्याच्या मागच्या बाजूचा. पुढे मेंदूत, मूत्रपिंडात किंवा पायाच्या बोटात मिनिटाला किती रक्त पोहोचते, हे तो आकडा सांगत नाही.

हा संबंध एका ओळीत मांडता येतो: प्रवाह म्हणजे दोन टोकांच्या दाबांतील फरक भागिले वाटेतला रोध. विद्युतप्रवाहाचा नियम आपण वर्गात फळ्यावर लिहिला असेल, त्याचाच हा साचा आहे. विश्रांतीच्या अवस्थेत प्रौढ माणसाचे हृदय दर ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त महाधमनीत ढकलते. मिनिटाला ७० ठोके धरले तर हा प्रवाह मिनिटाला जवळजवळ ५ लिटर होतो, म्हणजे शरीरातले जवळपास सगळे रक्त दर मिनिटाला हृदयातून एकदा फिरून जाते. हृदय आकुंचन पावते तेव्हाचा धमनीतला दाब हा वरचा आकडा, आणि दोन ठोक्यांच्या मधे, हृदय भरत असताना तो जिथवर उतरतो तो खालचा आकडा. या मधल्या काळात दाब शून्यावर जात नाही, कारण मोठ्या धमन्यांच्या भिंती लवचीक असतात. ठोक्याच्या वेळी त्या ताणल्या जातात आणि नंतर आखडताना रक्त पुढे सरकवत राहतात. वयानुसार या भिंती ताठर होतात, म्हणून उतारवयात बहुधा वरचा आकडा चढत जातो आणि खालचा तितका चढत नाही.

आता रोध. तो सर्वांत जास्त कुठे असतो? मोठ्या धमन्यांत नाही आणि अतिसूक्ष्म केशवाहिन्यांतही नाही, तर त्या दोहोंच्या मधल्या बारीक धमन्यांत, ज्यांना धमनिका म्हणतात. त्यांच्या भिंतीत स्नायूंचे वेटोळे असते आणि ते आवळले किंवा सैल झाले की आतला मार्ग अरुंद किंवा रुंद होतो. १८४० च्या दशकात प्वासय या फ्रेंच डॉक्टरांनी बारीक काचनळ्यांतून द्रव वाहू देऊन दाखवून दिले की, इतर गोष्टी सारख्या असतील तर प्रवाह नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो, आणि त्रिज्या अवघी दहा टक्क्यांनी घटली तरी प्रवाह जवळजवळ एक तृतीयांशाने कमी होतो. रक्त साध्या पाण्यासारखे वागत नाही आणि रक्तवाहिन्या काचेच्या नसतात, त्यामुळे शरीरात हे गणित तंतोतंत बसत नाही. पण त्याचा रोख पक्का आहे. धमनिकांच्या व्यासात डोळ्यांना न दिसणारा बदल करून शरीर एखाद्या अवयवाचा रक्तपुरवठा कित्येक पटींनी कमी-जास्त करू शकते.

बहुतेक रुग्णांत वाढलेल्या रक्तदाबाचे स्वरूप असेच असते: हृदयाचा प्रवाह साधारण तेवढाच, पण धमनिका आखडल्याने रोध वाढलेला, आणि तेवढेच रक्त पुढे ढकलण्यासाठी मागचा दाब चढलेला. म्हणून ‘दाब जास्त म्हणजे रक्त जोरात आणि भरपूर वाहते’ हे समीकरण चुकते. रक्त तेवढेच पोहोचते, पण त्यासाठी हृदयाला प्रत्येक ठोक्याला जादा जोर लावावा लागतो. वर्षानुवर्षे हा भार वाहून हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होते, मूत्रपिंडातल्या गाळणीच्या सूक्ष्म वाहिन्या झिजतात आणि मेंदूतल्या बारीक धमन्या कमकुवत किंवा बंद होतात. यातले काहीही दुखत नाही आणि जाणवत नाही, म्हणूनच ‘बंद करून पाहू’ हा शेजारधर्माचा सल्ला धोक्याचा आहे. गोळी सोडल्यावर पहिले काही दिवस माणसाला छान वाटते आणि नुकसान मात्र चालू राहते.

दाब वाटेत कसा उतरत जातो हेही पाहू, कारण सुजेचा उलगडा तिथेच आहे. स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने एका घोडीच्या धमनीत नळी घालून तिला उभी काचनळी जोडली, तेव्हा रक्त हृदयाच्या पातळीपासून आठ फुटांहून अधिक उंच चढले. १७३३ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केले. नंतर त्याने शिरांतला दाबही मोजला, तर तिथे रक्त त्या मानाने फारच थोडे चढले. माणसातही तसेच आहे. महाधमनीत सरासरी दाब सुमारे ९५ मिलिमीटर पारा असतो. मोठ्या धमन्यांतून जाताना तो थोडाच घटतो, धमनिकांत मात्र एकदम कोसळतो आणि केशवाहिन्यांच्या तोंडाशी ३०–३५ वर येतो. त्यांच्या शेवटी सुमारे १५, आणि परत हृदयाशी पोहोचेपर्यंत जवळजवळ शून्य. केशवाहिन्या एकेकट्या अतिशय बारीक असल्या तरी त्यांची संख्या इतकी प्रचंड आहे की सगळ्यांचे मिळून क्षेत्रफळ महाधमनीच्या शेकडो पट भरते, आणि म्हणून तिथे रक्ताचा वेग सेकंदाला एक मिलिमीटरपेक्षाही कमी होतो. हा संथपणा आवश्यकच आहे. प्राणवायू, साखर आणि पाणी यांची देवाणघेवाण त्या पातळ भिंतींतूनच होते, आणि धमनीतला पूर्ण दाब तिथवर गेला असता तर रक्तातले पाणी आसपासच्या पेशीजालात झिरपत राहिले असते.

आता आपली पहाटेची घेरी. आडवे असताना डोके, हृदय आणि पाय जवळपास एकाच पातळीवर असतात. उभे राहिलो की गुरुत्वाकर्षण आपला हिशेब मांडते. रक्ताच्या स्तंभाची उंची दर १० सेंटिमीटरला सुमारे ८ मिलिमीटर पारा इतका दाब बदलते. मेंदू हृदयापेक्षा ३० सेंटिमीटर उंच धरला, तर तिथल्या धमन्यांत हृदयाच्या पातळीपेक्षा २३–२४ ने कमी दाब असतो. शिवाय उभे राहताच अर्धा लिटरहून अधिक रक्त पोटाच्या आणि पायांच्या लवचीक शिरांत उतरते. तेवढे रक्त हृदयाकडे कमी परतते, म्हणून पुढचे काही ठोके कमी भरलेले असतात, प्रवाह घटतो आणि दाब खाली येतो.

निरोगी तरुणात हे काही सेकंदांत सावरले जाते. मानेतल्या मुख्य धमनीला फाटा फुटतो त्या जागी आणि महाधमनीच्या कमानीत, भिंतीचा ताण ओळखणारे मज्जातंतूंचे अग्रभाग असतात. ताण कमी झाल्याची वर्दी मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्राला पोहोचते, आणि तिथून हुकूम सुटतो: हृदयाची गती वाढवा, धमनिका आवळा, शिरा आवळा. उतारवयात धमन्या ताठर झाल्याने ही वर्दी मंदावते. बरीच वर्षे दाब चढलेला असेल, तर मेंदूच्या रक्तवाहिन्याही त्या वरच्या पातळीला सरावतात, आणि जो दाब इतरांना पुरेसा असतो तो अशा माणसाला उभे राहताना अपुरा पडू शकतो. म्हणजे दिवसभर रक्तदाब जास्त असणे आणि उठल्यावर पहिल्या मिनिटात तो फार खाली जाणे, या दोन गोष्टी एकाच माणसात सुखाने नांदू शकतात. आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर हे आहे.

त्यात आपली रात्रीची गोळी भर घालत असावी. टॅम्सुलोसिन प्रोस्टेटभोवतीचा स्नायू सैल करते, म्हणून लघवी सुलभ होते. पण रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या स्नायूंवरही त्या प्रकारच्या औषधांचा थोडाफार परिणाम होतो. वर सांगितलेला ‘वाहिन्या आवळा’ हा हुकूम ज्या मार्गाने पोहोचतो तोच मार्ग ही औषधे अंशतः अडवतात. दुसरीकडे ॲम्लोडिपिनचा डोस दुप्पट झाल्याने धमनिका आधीच सैल आहेत. आणखी एक गोष्ट विचारून ठेवतो: रात्री उठावे लागू नये म्हणून आपण दुपारनंतर पाणी फार कमी तर करत नाही ना? प्रोस्टेटचा त्रास असलेले बरेच जण तसे करतात. मग पहाटेपर्यंत शरीरातला द्रव घटलेला असतो, आणि नेमके त्याच वेळी, लघवीची घाई झाल्यामुळे, माणूस झटकन उठतो. रात्री झोपण्याआधी पाणी आटोक्यात ठेवावे, पण दिवसभराचे पाणी सकाळ-दुपारी पुरेसे प्यावे.

हे खरेच होते आहे का, ते घरी तपासता येते. पाच मिनिटे शांत पडून राहून रक्तदाब मोजा, मग उभे राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. जवळ घरातले कोणी तरी असू द्या. वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक, अथवा खालचा १० किंवा त्याहून अधिक उतरला, तर उभे राहिल्याने दाब पडतो आहे हे निश्चित समजावे. ही नोंद एखाद्या सकाळी उठल्याबरोबर, गोळी घेण्याआधी करावी. तोवर उठताना आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडून पलंगाच्या कडेला मिनिटभर बसा, पोटऱ्यांचे स्नायू पाच-सहा वेळा आवळा आणि मगच उभे राहा. रात्री लघवीसाठी गेलात तर बसून करा. या वयात मांडीचे हाड मोडते ते बहुतेक वेळा पडण्याने, आणि पहाटेच्या अंधारात न्हाणीघरापर्यंतची वाट हा पडण्याचा नेहमीचा प्रसंग आहे.

आता सूज. ती वाढलेल्या दाबाची खूण असावी असे आपल्याला वाटले. पण दंडावर मोजलेल्या दाबाशी घोट्याच्या सुजेचा सहसा असा सरळ संबंध नसतो. ॲम्लोडिपिन धमनिका सैल करते, पण केशवाहिन्यांच्या पलीकडच्या शिरा तितक्या सैल करत नाही. येणारे दार उघडले आणि जाणारे तसेच राहिले, म्हणून केशवाहिन्यांतला दाब वाढतो आणि पाणी बाहेर झिरपते. यात मूत्रपिंड बिघडलेले नसते, शरीरात जादा पाणी साठलेले असतेच असेही नाही. द्रवाची जागा तेवढी बदललेली असते. म्हणूनच लघवी वाढवणारी गोळी या सुजेवर फारशी लागू पडत नाही. डोस जितका मोठा तितकी ही सूज अधिक आढळते, आणि १० मिलिग्रॅमवर ती दिसणे डॉक्टरांच्या ओळखीचे असते.

संध्याकाळीच ती का दिसते? शांत उभे असताना हृदयापासून घोट्यापर्यंतच्या रक्तस्तंभाचे सगळे वजन पायाच्या शिरांवर येते आणि तिथला दाब ९० च्या आसपास जातो. चालू लागलो की पोटरीचे स्नायू शिरा दाबतात, शिरांतल्या झडपा रक्ताला केवळ वरच्या दिशेने जाऊ देतात, आणि हा दाब झपाट्याने उतरतो. विल्यम हार्वेने १६२८ मध्ये रक्ताभिसरण मांडले तेव्हा या झडपांचा पुरावा हाताच्या शिरांवरच दाखवला होता. आपणही तो पाहू शकता: हात खाली सोडून दंडावर रुमाल सैलसर बांधला की कोपराखालची शीर फुगते, मनगटाकडच्या बाजूला एका बोटाने तिच्यावर दाब देऊन दुसऱ्या बोटाने तिच्यातले रक्त कोपराच्या दिशेने पुसून नेले, तर वरच्या झडपेपर्यंतचा तुकडा रिकामाच राहतो, आणि खालचे बोट उचलताच तो खालून भरतो. दिवसभर खुर्चीत बसून राहण्याने हे काम थांबते. म्हणून दर तासाला चार पावले चाला, आणि दुपारी पाय हृदयापेक्षा किंचित वर ठेवून अर्धा तास पडा. दाबून धरणारे मोजे मात्र स्वतः विकत आणून घालू नका. पायाच्या धमन्या अरुंद असतील तर ते अपायकारक ठरतात, म्हणून आधी डॉक्टरांनी पायाची नाडी पाहिलेली बरी.

घरच्या यंत्राचा १४८/९२ हा आकडा पाहून आपण अस्वस्थ झाला आहात. मोजताना हात कुठे ठेवता? मांडीवर ठेवत असाल, तर पट्टा हृदयापेक्षा काही सेंटिमीटर खाली येतो, आणि वर दिलेल्या हिशेबाने १५ सेंटिमीटरला सुमारे १२ मिलिमीटर पारा इतकी वाढ निव्वळ हाताच्या जागेमुळे दिसू शकते. आपल्या दोन नोंदींतला फरक नेमका तेवढाच आहे. हेच कारण असेल असे मी छातीठोकपणे म्हणत नाही, पण आधी ते दूर करून पाहा. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून, हात टेबलावर अशा उंचीवर ठेवा की दंडाचा पट्टा छातीच्या मध्यासमोर येईल. आधी पाच मिनिटे शांत बसा, चहा किंवा तंबाखू अर्धा तास टाळा, मोजताना बोलू नका. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. पट्टा दंडाला तोकडा असेल तर आकडा खोटा चढतो, हेही तपासा. घरच्या नोंदींसाठी साधारणपणे १३५/८५ ही वरची मर्यादा धरतात, दवाखान्यासाठी १४०/९०. मनगटावर बांधायची यंत्रे हाताच्या उंचीला आणखीच संवेदनशील असतात. शक्यतो दंडाचेच वापरावे.

मिठाचा उल्लेख आपण केला नाही, तरी थोडक्यात सांगतो. शरीरात मीठ साठले की त्याच्याबरोबर पाणी राहते, रक्ताचे आकारमान वाढते आणि दाब चढतो. तो जादा भार बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडांचे. दिवसाला सगळे मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे जेमतेम एक सपाट चमचा, एवढी मर्यादा पाळली तर गोळ्यांनाही मदत होते. लोणचे, पापड, खारे शेंगदाणे आणि ताकात घातलेली चिमूट यांचा हिशेब त्यातच धरावा. सैंधव हेही मुख्यतः तेच मीठ आहे.

डॉक्टरांकडे जाताना आठवड्याभराच्या सकाळ-संध्याकाळच्या नोंदी, आडव्या-उभ्या अवस्थेतली नोंद, आणि आयुर्वेदिक किंवा दुकानातून स्वतः आणलेल्या गोळ्यांसह सगळ्या औषधांची पाकिटे एका पिशवीत घेऊन जा. प्रोस्टेटची गोळी वेगळ्या डॉक्टरांनी दिली असेल, तर दोघांनाही एकमेकांचे औषध माहीत असल्याची खात्री आपणच करून घ्यायची आहे. ॲम्लोडिपिन पुन्हा ५ मिलिग्रॅमवर आणून जोडीला दुसऱ्या गटाचे औषध देता येते. त्यांपैकी काही औषधे शिराही सैल करतात, म्हणून सूज कमी होते. ती देण्याआधी रक्तातील क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासावे लागते. सूज औषधाचीच आहे असे धरून न चालता डॉक्टर लघवीतील प्रथिने आणि हृदयाची तपासणीही सांगतील. ती टाळू नका.

एकाच पायाला सूज येऊन पोटरी दुखू लागली, झोपल्यावर दम लागू लागला, छातीत दडपण आले, घेरीने प्रत्यक्ष शुद्ध हरपली, किंवा तोंड वाकडे होणे, हाताची शक्ती जाणे, बोबडी वळणे यांपैकी काही दिसले, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता १०८ ला फोन करून त्याच वेळी रुग्णालय गाठा.